वाऱ्यावरच्या वस्त्राचे गणित

काशीच्या रामघाटावर सकाळी स्नान आटोपून पायऱ्या चढून आलेल्या दोन स्त्रिया लुगडे वाळवीत आहेत, असे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. दोरी बांधायला जागा नाही. म्हणून एकीने एका टोकाचे दोन्ही कोपरे धरले आहेत, दुसरीने दुसऱ्या टोकाचे. नदीवरून येणाऱ्या वाऱ्यापुढे लुगडे आडवे पसरले आहे. जवळच सांगवेद विद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांची धोतरेही अशीच वाऱ्यावर वाळत असतात. मराठी बोली या भागाला परकी नाही. दक्षिणेला भोसले घाट व शिंदे घाट, उत्तरेला पंचगंगा, दुर्गा आणि ब्रह्मा हे घाट. त्यांच्या मागच्या गल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत.

पिळून काढलेले ओले लुगडे आरंभी नुसते लोंबते. पिळल्यानंतरही सुती कापडात जवळजवळ त्याच्या स्वतःच्या वजनाइतके पाणी राहू शकते. पाणी उडू लागते तसे लुगडे झुलू लागते. पुरते वाळले की ते नावेच्या शिडासारखे फुगते, त्यावरून लाटा धावतात, कडा फडफडतात आणि कोपरे हातातून सुटू पाहतात. लुगडे तेच, वारा तोच. मधल्या वेळात फक्त पाणी गेले.

हेच दृश्य संगणकावर तयार होणाऱ्या सचेतपटात, म्हणजे ॲनिमेशनपटात, दाखवायचे झाले तर काय करावे लागेल? हाताने चित्रे काढणारा कलावंत डोळ्यांनी पाहिलेली लहर आठवून कागदावर उतरवीत असे. संगणकाने पदर कधी पाहिलेला नाही आणि कापडाला कधी हात लावलेला नाही. त्याला केवळ संख्या कळतात. म्हणून वस्त्राचे वागणे संख्यांत मांडून ते क्षणाक्षणाला मोजावे लागते. खऱ्या घटनेची अशी गणिती नक्कल करण्याला सदृशीकरण म्हणतात. दगड पडताना, चेंडू उडताना दाखवणे तुलनेने सोपे असते. तलम, झुळझुळीत वस्त्र दाखवणे मात्र या विद्येतील अवघड कामांपैकी एक ठरले. ते का, हे समजून घेण्यासाठी प्रथम कापडच नीट पाहिले पाहिजे.

ताणत नाही, पण वाकते

एक हातरुमाल घ्यावा. त्याच्या समोरासमोरच्या कडा धरून ओढावे. रुमाल जवळजवळ ताणला जात नाही, कारण ओढ थेट उभ्या किंवा आडव्या धाग्यांवर, म्हणजे ताण्यावर किंवा बाण्यावर, पडते. आता तोच रुमाल तिरपा, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याकडे ओढावा. तो सहज लांब होतो. येथे धागे लांब झालेले नसतात. उभ्या-आडव्या धाग्यांमधील काटकोन तेवढा मोडलेला असतो. शिंपी या तिरप्या दिशेला उरेब म्हणतात. अंगाबरोबर वळणारा कपडा हवा असेल तर कापड उरेब कापावे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

शेवटी रुमालाचा एकच कोपरा धरून तो लोंबकळत सोडावा. तो लगेच वाकतो, त्याला चुण्या पडतात. वर्तमानपत्राचा कागदही वाकतो. पण तो एका वेळी एकाच दिशेने गोल वळतो, दुसऱ्या दिशेनेही वळवू पाहिल्यास चुरगळतो. कापड एकाच जागी दोन्ही दिशांनी वळू शकते, कारण त्याचे धागे एकमेकांवर थोडे सरकू शकतात.

तेव्हा विणलेल्या कापडाचे तीन स्वभाव आहेत. धाग्याच्या दिशेने ते जवळपास ताणत नाही; उरेब दिशेने ते सहज सरकते; आणि वाकण्याला ते फारच थोडा विरोध करते. या तीन विरोधांमध्ये प्रचंड तफावत आहे. सदृशीकरणातील बहुतेक अडचणी या तफावतीतूनच जन्मतात.

बिंदूंचे जाळे

संगणकाच्या पडद्यावर लोंबते कापड दाखवण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक जेरी वाइल यांनी १९८६ मध्ये केला. दोन टोकांना अडकवलेली साखळी ज्या वक्ररेषेत लोंबते, त्या रेषेचा त्यांनी आधार घेतला. त्यातून अडकवलेल्या कापडाचा आकार मिळाला. पण ते कापड हलत नव्हते. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, देमेत्री तेरझोपुलोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्तूवर पडणारी बले मोजून तिचा आकार ठरवण्याची रीत मांडली. आकार काढण्याऐवजी आकार घडवणारी कारणे मोजायची, हा त्यातला मोलाचा विचार होता.

आज रूढ असलेल्या एका सोप्या रीतीत कापड म्हणजे बिंदूंचे जाळे मानतात. प्रत्येक बिंदूला थोडे वस्तुमान असते आणि शेजारचे बिंदू काल्पनिक स्प्रिंगांनी जोडलेले असतात. उभ्या-आडव्या स्प्रिंगा धाग्यांचे काम करतात. त्या अतिशय ताठ असतात. तिरप्या स्प्रिंगा उरेब दिशेची सरक दाखवतात. त्या सैल असतात. एक बिंदू सोडून पलीकडच्या बिंदूला जोडणाऱ्या स्प्रिंगा वाकण्याला विरोध करतात. त्या सर्वांत दुबळ्या असतात.

नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ८.२ मीटर भरते. रुंदी १.१ मीटर धरली आणि दर सेंटिमीटरला एक बिंदू घेतला, तर जाळ्यात सुमारे ९०,००० बिंदू आणि पाच लाखांहून अधिक स्प्रिंगा होतात. प्रत्येक बिंदूवर गुरुत्वाकर्षण किती, स्प्रिंगांची ओढ किती, वाऱ्याचा दाब किती, यांची बेरीज करायची. न्यूटनच्या नियमानुसार त्या बेरजेला वस्तुमानाने भागले की त्वरण मिळते. त्वरणावरून नवा वेग आणि वेगावरून बिंदूची नवी जागा काढायची. हे सर्व बिंदूंसाठी एकदा केले की काळ एक पाऊल पुढे सरकतो.

या रीतीतही एक दोष आढळला. जेथे कापड हातात धरलेले असते, त्या कोपऱ्यांजवळ सगळा भार एकवटतो आणि तेथील स्प्रिंगा रबरासारख्या लांबतात. मग रेशमी साडी फुग्याच्या रबराची वाटू लागते. फ्रान्समधील झाव्ये प्रोव्हो यांनी १९९५ मध्ये यावर साधा उपाय सुचवला. प्रत्येक पावलानंतर ठरावीक मर्यादेपलीकडे लांबलेल्या स्प्रिंगा शोधायच्या आणि त्यांची टोके पुन्हा जवळ आणून ठेवायची.

काळाचे पाऊल

चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे दाखवतात. तेव्हा प्रत्येक चित्रासाठी एकदा हिशेब केला की काम झाले, असे वाटेल. पण तसे होत नाही.

पाऊल सुरू होताना संगणक बले मोजतो आणि पाऊल संपेपर्यंत ती तशीच राहतील असे धरून चालतो. समजा, एक ताठ स्प्रिंग थोडी लांबली आहे. ती बिंदूला मागे ओढते. बिंदू मूळ जागी येताच ही ओढ थांबायला हवी; परंतु पाऊल मोठे असेल तर मधल्या वेळात कोणी मोजत नसते. बिंदू मूळ जागा ओलांडून पलीकडे, आधीपेक्षाही दूर जातो. पुढच्या पावलात त्याला आणखी जोराने उलट ओढले जाते. डोळे मिटून झोपाळ्याला भलत्या वेळी धक्के देत राहावे, तसा हा प्रकार होतो. थोड्याच पावलांत आकडे इतके फुगतात की पडद्यावरच्या कापडाच्या चिंधड्या उडतात.

हे टाळण्यासाठी पाऊल लहान घ्यावे लागते. स्प्रिंग जितकी ताठ आणि बिंदू जितका हलका, तितके पाऊल लहान. ताठरपणा तोच ठेवून कापडाचे वजन चौपटीने कमी केले, तर पाऊल निम्मे करावे लागते. तलम रेशमात हे दोन्ही गुण एकत्र असतात. धाग्याच्या दिशेने ते ताठ असते आणि वजनाला हलके असते. जाड घोंगडीपेक्षा पातळ ओढणी संगणकाला जड जाते, ती यामुळे.

१९९८ मध्ये डेव्हिड बॅराफ आणि अँड्र्यू विटकिन यांनी या अडचणीतून वाट काढली. पावलाच्या आरंभीची बले घेण्याऐवजी पावलाच्या अखेरीस जी बले असतील तीच गृहीत धरायची आणि त्यांच्याशी जुळेल अशी बिंदूंची जागा शोधायची, अशी ती रीत होती. त्यासाठी प्रत्येक पावलाला फार मोठ्या संख्येने समीकरणे एकदम सोडवावी लागतात. परंतु पाऊल मोठे घेता येते आणि आकडे फुगत नाहीत. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९७ मध्ये, पिक्सार या अमेरिकी संस्थेच्या ‘गेरीज गेम’ या लघुपटात बुद्धिबळ खेळणाऱ्या एका वृद्धाच्या अंगावरील कोट अशाच सदृशीकरणाने हलताना दिसला होता. बॅराफ, विटकिन आणि त्यांचे सहकारी मायकेल कॅस यांना वस्त्रांच्या या कामाबद्दल २००६ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

मात्र या रीतीचीही किंमत मोजावी लागते. मोठ्या पावलांच्या हिशेबात गतीचा थोडा अंश दर वेळी हरवतो. त्यामुळे कापड तेलात बुडवल्यासारखे संथ हलू लागते. जाड कोटाच्या बाबतीत हे कोणाच्या लक्षात येत नाही. झुळझुळीत पदराच्या बाबतीत मात्र हरवलेला तो अंश म्हणजेच त्याची चंचलता असते.

वाऱ्याचे वजन

हलके कापड वाऱ्यावर तरंगते, असे सहज म्हटले जाते. त्यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे.

पातळ रेशमी कापडाचा एक चौरस मीटरचा तुकडा सुमारे ३५ ग्रॅम भरतो. एक लिटर हवेचे वजन सुमारे १.२ ग्रॅम असते. म्हणजे त्या तुकड्याचे वजन सुमारे २९ लिटर हवेइतके झाले. एक चौरस मीटरवर इतकी हवा पसरली तर तिचा थर तीन सेंटिमीटरहूनही थोडा कमी उंचीचा होईल. याचा अर्थ असा, की हे कापड तीन सेंटिमीटर सरकले की स्वतःच्या वजनाइतकी हवा त्याला ढकलावी लागते. जीनच्या जाड कापडाचा तेवढाच तुकडा ४०० ग्रॅमचा धरला, तर तोच थर सुमारे ३३ सेंटिमीटरचा होतो. जाड कापडाला हवा जाणवते न जाणवते. तलम कापड मात्र हवेच्या तंत्रानेच चालते. ढोबळ हिशेबाने, सपाट राहून खाली येणारा असा रेशमी तुकडा सेकंदाला सुमारे ७० सेंटिमीटरपेक्षा अधिक वेग घेऊ शकत नाही. चंद्रावर हवा नसल्यामुळे १९६९ मध्ये तेथे रोवलेल्या ध्वजाच्या वरच्या कडेला आडवी दांडी बसवावी लागली होती, हेही येथे आठवावे.

म्हणून सदृशीकरणात वारा सर्व बिंदूंवर सारखा लावून चालत नाही. कापडाचे जाळे लहान लहान त्रिकोणांत विभागतात. प्रत्येक त्रिकोण वाऱ्याकडे तोंड करून आहे की कड करून, तो स्वतः किती वेगाने आणि कोणीकडे चालला आहे, हे पाहून त्यावरचा दाब काढतात. फुगलेला भाग वाऱ्याला अडवतो, वाऱ्याच्या दिशेने वळलेली कड त्यातून निसटते. आणि क्षणात दोघांच्या भूमिका बदलतात. फडफड जन्मते ती या अदलाबदलीतून. शिवाय विरळ विणीच्या कापडातून काही हवा आरपार जाते. त्यासाठी आणखी एक संख्या द्यावी लागते.

घाटावरचे ओले लुगडे का लोंबत होते, याचेही उत्तर येथे मिळते. पाण्यामुळे त्याचे वजन वाढले होते. पण वाऱ्याला धरायला त्याचे क्षेत्रफळ होते तेवढेच होते.

निऱ्यांचा पेच

आतापर्यंत लुगडे मोकळे पसरलेले होते. ते नेसले की नवाच प्रश्न उभा राहतो. निऱ्यांमध्ये कापडाचे अनेक थर एकमेकांना टेकतात. नऊवारीचा काष्टा तर थरांखालून जाऊन मागे खोचलेला असतो. संगणकाला हे थर आपोआप कळत नाहीत. त्याच्या दृष्टीने एक बिंदू दुसऱ्या थरातून आरपार गेला तरी काही बिघडत नाही. पाहणाऱ्याला मात्र निरीतून निरी बाहेर आलेली दिसते आणि सारा आभास मोडतो.

आरपार जाणे टाळायचे तर कोणता भाग कोणाला भिडतो, हे प्रत्येक पावलाला तपासले पाहिजे. ९०,००० बिंदूंची प्रत्येकाशी एकदा जोडी लावली तर ४०० कोटींहून अधिक जोड्या होतात. त्या सर्व तपासणे व्यवहारात शक्य नसते. टपाल कार्यालयात पत्रे आधी जिल्ह्यानुसार, मग गावानुसार आणि शेवटी घरानुसार लावतात, तशी युक्ती येथे वापरतात. कापडाचे मोठे भाग काल्पनिक पेट्यांत घालायचे. दोन पेट्या एकमेकींना स्पर्श करीत नसतील तर त्यांच्या आतल्या बिंदूंची चौकशीच करायची नाही. २००२ मध्ये रॉबर्ट ब्रिडसन, रॉन फेडकिव आणि जॉन अँडरसन यांनी कापडाच्या टकरी आणि घर्षण हाताळण्याची एक भरवशाची रीत दाखवली. तिने घड्या आणि चुण्या टिकवूनही थर एकमेकांतून जात नाहीत. घर्षणाचा हिशेब तेवढाच महत्त्वाचा असतो. घर्षण नसेल तर खोचलेली निरी क्षणभरही टिकणार नाही.

बोटांना कळते ते

बिंदू, पावले, वारा, टकरी या सर्वांची तजवीज झाली तरी एक प्रश्न उरतो. स्प्रिंगांचा ताठरपणा किती घ्यायचा? ही संख्या संगणक देऊ शकत नाही. ती कापडाकडूनच घ्यावी लागते.

रामघाट ज्या शहरात आहे, तेथे या प्रश्नाला विशेष अर्थ आहे. बनारस हे विणकरांचे शहर आहे. संत कबीर याच नगरीतले विणकर. बनारसी साड्या आणि किमखाब यांना २००९ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, ती आपल्या पैठणीलाही मिळाली. बनारसच्या मागावर रेशमाची दोन निराळी वस्त्रे विणली जातात. रेशमाच्या किड्याने सोडलेल्या तंतूवर नैसर्गिक डिंकाचा थर असतो. कच्च्या रेशमाच्या वजनात त्याचा वाटा साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतका असतो. हा डिंक तसाच ठेवून विणलेले पातळ कापड म्हणजे कोरा. ते पारदर्शक आणि करकरीत असते, अंगापासून दूर उभे राहते. डिंक साबणाच्या पाण्यात उकळून काढलेल्या, पीळ दिलेल्या रेशमाचे कापड म्हणजे कतान. ते मऊ असते आणि अंगालगत उतरते. किडा तोच, तंतू तोच. पण एकाचा पदर फुलतो, दुसऱ्याचा ओघळतो. यावरून हलकेपणा आणि झुळझुळीतपणा हे एकच गुण नव्हेत, हेही ध्यानात येते. कोरा हलका असूनही झुळझुळत नाही.

विणकराला, व्यापाऱ्याला आणि पारखी गिऱ्हाइकाला हा फरक चिमटीत कापड धरताच कळतो. या ज्ञानाला बराच काळ कोणी विज्ञान मानले नाही. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे कापूस उद्योगाच्या संशोधन संस्थेत काम करणारे एफ. टी. पीअर्स यांनी १९३० मध्ये याच विषयावर निबंध लिहिला. कापडाचा पोत बोटांना जाणवतो, तर तो मोजता आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची चाचणी इतकी साधी आहे की ती घरीही करून पाहता येते.

एकाच रुंदीच्या, वीतभर लांबीच्या पट्ट्या निरनिराळ्या कापडांतून कापाव्यात. टेबलाच्या कडेवर एक पट्टी ठेवून तिच्यावर मोजपट्टी दाबावी आणि दोन्ही हळूहळू पुढे सरकवावीत. कडेबाहेर आलेला भाग स्वतःच्या वजनाने वाकू लागतो. कडेपासून पट्टीच्या टोकापर्यंतची रेषा आडव्या पातळीशी ४१.५ अंशांचा कोन करते, तेव्हा बाहेर आलेली लांबी मोजावी. घरी हा कोन ४५ अंशांपेक्षा किंचित कमी धरला तरी चालेल. मऊ पट्टी लवकर वाकते, ताठ पट्टी लांबवर जाते. दोन कापडांचे वजन सारखे असून एकाची लांबी दुप्पट भरली, तर त्याचा वाकण्याला होणारा विरोध आठपट असतो. खळ दिलेले आणि न दिलेले सुती कापड घेऊनही हा फरक स्पष्ट दिसतो.

जपानमधील क्योटो विद्यापीठाचे सुएओ कावाबाता यांनी १९७० च्या दशकात हे काम पुढे नेले. कापड गिरण्यांतील अनुभवी पारखी पोताचे वर्णन ज्या शब्दांनी करीत, ते शब्द त्यांनी आधी गोळा केले. त्यांत ताठपणा, गुळगुळीतपणा, भरीवपणा यांसाठी वेगवेगळे शब्द होते. रेशमाच्या करकरीसाठीही एक शब्द होता. मग ताण, सरक, वाक, दाब आणि घर्षण मोजणारी यंत्रे तयार करून त्यांनी त्या शब्दांची संख्यांशी सांगड घातली. १९९४ मध्ये डेव्हिड ब्रीन, डोनाल्ड हाउस आणि मायकेल वोझ्नी यांनी या यंत्रांची मापे संगणकातील बिंदूंच्या जाळ्याला दिली, तेव्हा पडद्यावरची निरनिराळी कापडे आपापल्या स्वभावानुसार लोंबू लागली.

पडद्यावरच्या पदरामागे याप्रमाणे दोन विद्या उभ्या आहेत. एक समीकरणांची, तर दुसरी बोटांची. समीकरणे कोठूनही मागवता येतात. एखाद्या कापडाच्या संख्या मात्र ते विणणाऱ्या, धुणाऱ्या आणि नेसणाऱ्या माणसांच्या सोबतीनेच मिळतात. ज्या कापडाची मापे कोणी घेतली नाहीत, ते संगणकाच्या जगात दुसऱ्याच कापडाच्या स्वभावाने वावरते. चित्रपटातील कोरा कतानसारखा ओघळला, तर परक्या प्रेक्षकाला कदाचित काही वाटणार नाही. पण बनारसच्या विणकराला तो खोटा आहे हे पहिल्या नजरेत कळेल. अशा वेळी चूक कोठे झाली, हे सांगू शकणारा माणूस तोच असतो.

रामघाटावरचे लुगडे आता वाळले आहे. घडी घालण्यापूर्वी त्या दोघी ते दुहेरी करतात. मग प्रत्येक जण आपल्या हातातले कोपरे पक्के धरते आणि दोघी ते तिरपे ओढतात, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. पिळताना सरकलेले उभे-आडवे धागे त्या दोन झटक्यांनी पुन्हा काटकोनात येतात. त्यानंतरच घडी पडते आणि ती सरळ बसते.